जुन्या पिकअपचं स्टेअरिंग ढिलं झालंय, सरळ रस्त्यावर गाडी डुलते. मिस्त्री म्हणतो स्टेअरिंगचा गिअर बॉक्स बदला. बदलावा का?

नको. मी बदलला होता, म्हणून सांगतो. एरवी मी इथं नुसता वाचून जातो, पण 'मिस्त्री म्हणतो बॉक्स बदला' हे वाचल्यावर राहवलं नाही.

आमचं गुऱ्हाळ कागलच्या अलीकडं. गाडी जीपच्या चेसिसची जुनी पिकअप, पुढंमागं स्प्रिंगचे पाटे, साधं स्टेअरिंग. गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उतरवून परत येताना गोकुळ शिरगाव सोडलं की 50-55 च्या स्पीडला डुलायला लागायची. शेजारून ट्रक गेला की आधी डावीकडं, सावरायला जावं तर उजवीकडं. घरी पोचेपर्यंत खांदे भरून यायचे.

मिस्त्रीनं आधी बॉक्सवरचा स्क्रू आवळला. प्ले, म्हणजे सांध्यातली मोकळी हालचाल, गेला, पण वळण संपल्यावर स्टेअरिंग माघारी येईना. गगनबावड्याच्या घाटात प्रत्येक वळणाला ते हातानं ओढून सरळ करत उतरलो, त्या दिवशीचा घाम अजून आठवतो. मग बॉक्स, टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) सगळं बदललं. 11 हजार गेले आणि गाडी डुलायची ती डुलतच राहिली.

आता खरं दुखणं. त्याच्या आदल्या वर्षी दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, मागं दोन-दोन पाटे वाढवून घेतले होते. गाडीचं पासिंग 1 टनाचं, आणि हा 30 किलोचे गुळाचे 50 रवे भरायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं की रिकामी गाडी मुंडी खाली घातलेल्या बैलासारखी दिसते, काहीतरी बिघडणार. "आरं, पाटं न्हाई वाढिवलं तर गूळ काय डोक्यावरनं न्यायचा?" संपला विषय. पुढं स्टेअरिंगचं सुरू झालं तेव्हा "गाडी जुनी झाली, डुलणारच की" एवढंच.

एकदा सौदे निघाले नाहीत म्हणून भरलेली गाडी तशीच परत आणली. तोच रस्ता, तोच स्पीड, आणि गाडी दोरी धरल्यासारखी सरळ. तोवर मला वाटायचं, भरलेली असताना आपण हळू चालवतो म्हणून डुलत नाही.

दुसऱ्या दिवशी गवंड्याकडनं लेव्हल मागून आणली. गाडी रिकामी करून डेअरीच्या सपाट कोब्यावर लावली आणि चेसिसवर लेव्हल ठेवली. बुडबुडा सरळ मागं जाऊन टोकाला चिकटला. टेप लावला तर मागची बाजू पहिल्यापेक्षा 3 इंच वर. दोन एक्सलमध्ये अंतर 9 फूट, म्हणजे अख्खी गाडी दीड अंशानं पुढं झुकलेली. या जातीच्या गाड्यांचा कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागं झुकलेली असते तो कोन, मुळात 3 अंशांच्या आसपास, त्यातला निम्मा दादाच्या पाट्यांनी खाल्ला. कॅस्टर गेला की चाकाला सरळ राहायची ओढच राहत नाही. यात बॉक्सचा काय दोष?

उद्यमनगरात लेथवर पोलादी पाचरी करून घेतल्या आणि पुढचा पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसवल्या. पहिल्यांदा उलट्या बसल्या. गाडी गल्लीतच अशी नाचायला लागली की दादा कट्ट्यावर बसून पोट धरून हसला. फिरवून बसवल्या, झालं काम. किंगपिनचं वरचं टोक मागं झुकलं पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा. पाचरीची जाड बाजू पुढं की मागं, ते पाटा एक्सलच्या वरून जातो की खालून यावर ठरतं.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर हवा चारी चाकांत बघितली असेलच. चाकं जमिनीवर ठेवून एकाला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खालून एकेका जॉइंटवर हात ठेवत जा. जिथं एक बाजू हलते आणि दुसरी गप्प राहते तिथं दुखणं. बॉक्स चेसिसवर हलतोय का तेही बघा, बोल्ट ढिले निघतात. मग जॅक लावून चाक वरखाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. आणि बॉक्सचा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून दांड्याला ढकलणारा हात) जागचा हलत नाही असं डोळ्यांनी दिसलं, तरच मिस्त्रीचं ऐका. त्याआधी मागं दहा पोती टाकून एक चक्कर मारा. सरळ चालली तर पाटे कुणी वाढवलेत ते घरात विचारा.

पुढं पाट्यांऐवजी कॉइल किंवा टॉर्शन बार असेल तर पाचरीचं विसरा, तिथं कॅस्टर वेगळ्या पद्धतीनं लावतात. जॅकवरच्या गाडीखाली घोडी (टेकूचा स्टँड) लावल्याशिवाय जाऊ नका. टाय रॉड एंड खडखडत असेल तर तो बदलेपर्यंत हायवेला काढू नका. आणि भरलेली असतानाच डुलत असेल तर उलट पाटे एक्सलला धरणारे मागचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट बघा, मागचा एक्सल सरकत असेल.

दादाला अजून पटलेलं नाही. त्याच आठवड्यात पुढचे दोन टायर नवे टाकले होते, त्यानंच फरक पडला म्हणतो. पाटे आहेत तिथंच आहेत.