डॉक्टरांनी डोस लिहून दिल्यावर नर्सला औषधशास्त्र कशाला हवे?

हवेच, कारण औषध रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वीची शेवटची तपासणी नर्सच्याच हातून होते. नागपुरात वॉर्डात काम करताना मला हे प्रामुख्याने इन्सुलिनच्या बाबतीत जाणवते: आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटलीही मिळते आणि १०० युनिटचीही, त्यामुळे ४० युनिटची, लाल टोपणाची सिरिंज चुकून १०० युनिटच्या बाटलीला वापरली, तर सिरिंजवर १० युनिट दिसत असताना रुग्णाला प्रत्यक्षात २५ युनिट जातात (आणि कागदावरचा डोस अगदी अचूक असतो). डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी पूर्ण मिनिटभर हृदयाचे ठोके मोजणे, पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत न ढकलणे, हेही त्यातलेच. मात्र शंका आल्यास नर्सने औषध थांबवून डॉक्टरांना विचारावे. डोस स्वतःहून बदलण्याचा अधिकार तिला नाही.