स्पेनच्या शेपटाला पोर्तुगाल बांधू नका

"सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन स्पेनला चाललोय. शेवटी दोन दिवस पोर्तुगालचे टाकावेत का, की तिथे विशेष काही नाही?" असं तुम्ही विचारलंय. आई-बाबा सत्तरीचे, पक्के शाकाहारी, आईंचे गुडघे कुरकुरतात, हेही सांगितलंत ते बरं केलंत. मी दोनदा जाऊन आलोय. एकदा एकटा आणि एकदा आई-बाबांबरोबर, म्हणजे तुमच्यासारखंच.

दोन दिवसांत करू नका. माद्रिदहून लिस्बनला जाणारी रात्रीची रेल्वे २०२० मध्ये बंद पडली, तेव्हा विमान नाहीतर लांबचा बसप्रवास. त्यात अर्धा दिवस जातो, दुसऱ्या दिवशी लिस्बनमधल्या बेलेमच्या बुरुजापाशी फोटो काढायचे आणि परत. त्यापेक्षा स्पेनमधलं एखादं शहर कापा आणि पोर्तुगालला आठवडा द्या. आयफेल टॉवरसारखं एकच काहीतरी दाखवून हा देश मोकळा होत नाही. जवळ जाऊन बघावा लागतो, आणि जवळ गेलात की आपल्याच घरातल्या वस्तू सापडायला लागतात.

पोर्तो शहरातल्या बोल्याओ मंडईत माझी आई एका टोपलीपुढे थबकली. पाटीवर रोमन अक्षरांत चक्क 'बटाटा' लिहिलेलं. बाबा म्हणाले, "यांनी आपला शब्द उचलला की!" मामला उलटा आहे. उत्तरेत आलू आणि आपल्याकडे बटाटा, त्याचं कारण हेच लोक. पाव, कोबी, अननस, घमेलं, पिंप, फीत हे सगळे तिथूनच आलेले. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे, त्यावरून आपला पगार. किल्लीला ते हल्ली 'शाव्ह' म्हणतात, पण त्यातल्या 'ch'चा उच्चार पूर्वी 'च' होता. त्यांच्या तोंडातला 'च' गेला, आपल्या 'चावी'त तो अजून शाबूत आहे. चहाचंही तसंच, लिहिताना 'चा' आणि बोलताना 'शा'. पश्चिम युरोपात बाकी सगळीकडे टी, ते, थे चालतं. यांना चहा चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊमार्गे, तिथली कँटनी बोली बोलणाऱ्यांकडून मिळाला, म्हणून हे वेगळे. जायच्या आधी एक रविवार काढून रेवदंड्याजवळ कोर्लईला जाऊन या. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली घराघरात चालते.

बेलेमचा बुरूज सगळेच बघतात. तुम्ही त्याच्या कोपऱ्यावरच्या एका छोट्या घुमटीच्या तळाशी बघा. दगडात कोरलेलं एका जनावराचं डोकं आहे, वाऱ्यापाण्याने झिजून गुळगुळीत झालेलं. तो गेंडा आहे, आणि तो आपल्याकडचा. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो इथला पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द अल्बुकर्कला भेट दिला आणि अल्बुकर्कने गोव्याहून जहाजावर चढवून पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे पाठवला. मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. लोक त्याला 'गांदा' म्हणायचे, म्हणजे आपला गेंडाच. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. मग त्याला पोपकडे नजराणा म्हणून रवाना केलं आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून बिचारा गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून काढलेलं चित्र मात्र पुढे शतकानुशतकं युरोपात गेंडा म्हणून चाललं. (याच आफोंसोच्या नावावरून आपला हापूस.) बुरुजाची मधूनमधून डागडुजी चालते, निघण्याआधी उघडा आहे का ते बघा. गेंडा बाहेरूनच बघायचा असल्याने आत नाही जाता आलं तरी काही बिघडत नाही. शेजारच्या जेरोनिमस मठात वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला. आधी तिथेच पुरला होता, नंतर अवशेष मायदेशी नेले.

लिस्बनच्या मध्यभागी बायशा नावाचा सरळ रेषेत आखलेला भाग आहे. बाकी गाव वेडंवाकडं, चढउतारांचं, आणि हाच तेवढा पट्टीने आखल्यासारखा का, असा प्रश्न पडायला हवा. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी लोक चर्चमध्ये असताना प्रचंड भूकंप झाला. चर्चमधल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, समुद्र आत शिरला, आणि आग काही दिवस धुमसत राहिली. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला मंत्री कामाला लागला. नव्या घरांच्या भिंतींत त्याने लाकडी चौकटींचा पिंजरा घालायला लावला, हादरा बसला की लवणारा पण न मोडणारा. नमुन्याची इमारत उभारून भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि ती टिकते का ते पाहिलं, असं सांगतात. वर टेकडीवर कार्मो मठ आहे, त्याचं छप्पर तेव्हा कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी आणि वर आभाळ. माझ्या मते तिथल्या कुठल्याही शाबूत चर्चपेक्षा ही जागा जास्त बोलते. जवळच बर्त्रां हे १७३२ पासूनचं पुस्तकांचं दुकान आहे, सुरू असलेलं जगातलं सर्वांत जुनं.

एक दिवस लिस्बन सोडून एव्होराकडे, आलेंतेजू भागात जा. खिडकीतून झाडं दिसतात, ज्यांचे बुंधे फांद्यांपर्यंत सोललेले, विटकरी लाल, आणि त्यांवर पांढऱ्या रंगात एकच आकडा, ३ किंवा ७. ही बुचाची झाडं. (आपल्या रस्त्याकडेचं पांढऱ्या, सुवासिक फुलांचं बूच वेगळं.) आकडा म्हणजे साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. एकदा काढली की नऊ वर्षं हात लावायचा नाही. रोप लावल्यावर पहिली साल पंचवीसेक वर्षांनी निघते, ती ओबडधोबड. बाटलीचं बूच होण्याजोगी साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे लावणारा म्हातारा झाल्यावर. कुऱ्हाडीने साल उकलतात, पण आतल्या थराला धक्का लागता कामा नये, नाहीतर झाडाला इजा होते. जगातलं जवळपास निम्मं बूच या एवढ्याशा देशातून येतं. क्रिकेटच्या चेंडूच्या पोटात आणि चांगल्या शटलच्या टोकाला असतं तेच हे. माझे बाबा शेतीतले आहेत, त्यांना पूर्ण सहलीत हे झाड सर्वांत जास्त आवडलं.

आता जेवण. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर येतं. ते स्वागताचं नाही, त्याचे पैसे लागतात. आम्ही पहिल्या रात्री एका ठिकाणी सगळं फस्त केलं आणि बिल बघून गप्प बसलो. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत, तिथला कायदाच आहे. 'काल्दू व्हेर्द' हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप दिसायला निरागस, पण वर सॉसेजची चकती तरंगते. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, "सें कार्न, सें पैश" म्हणा, मांस नको, मासे नकोत. नाहीतर सॅलडमध्ये टूना येतो. 'पाश्तेल द नाता' हा प्रसिद्ध गोड पदार्थ अंड्याच्या बलकाचा, घरी अंडं चालत नसेल तर आधीच सांगून ठेवा. मठांत कपड्यांच्या खळीसाठी पांढरा भाग जायचा, उरलेल्या बलकाची मिठाई व्हायची, अशी त्यामागची गोष्ट. दूध घातलेली कॉफी हवी तर 'गालाओ' मागा, उंच काचेच्या पेल्यात येते. लिस्बनमध्ये मार्तीम मोनीझ भागात डाळ, तांदूळ, कोथिंबीर सगळं मिळतं. शहरात राधाकृष्णाचं मोठं मंदिरही आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींचा त्यात मोठा हात.

आईंच्या गुडघ्यांसाठी बायशातून किल्ल्याच्या दिशेने एका इमारतीच्या आतून वर जाणारी महापालिकेची फुकट लिफ्ट आहे. २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी सकाळी लवकर जा. नंतर पाय ठेवायला जागा नसते आणि पाकीटमारांची चंगळ असते. पदपथ पांढऱ्या-काळ्या छोट्या दगडांचे, नक्षी सुंदर, पण वापरून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. रबरी तळाचे बूट दोघांनाही इथूनच घेऊन द्या आणि महिनाभर वापरून रुळवा.

रेल्वेत ६५ वर्षांपुढच्यांना निम्मं तिकीट, पासपोर्ट जवळ ठेवा. माझा हिशोब असा: चार रात्री लिस्बन, त्यातलाच एक दिवस एव्होरा, एक रात्र कोइंब्रा, दोन पोर्तो. कोइंब्राच्या विद्यापीठातल्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळं पाळल्यासारखी राहतात. रात्री पुस्तकांतली कीड खातात, पण त्यांची विष्ठाही पडते, म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामडी आच्छादनं घालून ठेवतात. पोर्तोत साओ बेंतू स्टेशनवर गाडीच्या आधी तासभर पोहोचा, भिंतींवर वीसेक हजार निळ्या फरशांची चित्रं आहेत आणि ती बघायला तिकीट नाही. सोमवारी बरीच स्मारकं बंद असतात, आणि सोमवार ओळखायला त्यांच्या भाषेत 'सेगुंदा', म्हणजे 'दुसरा', असं लिहिलेलं शोधा, कारण त्यांची मोजणी रविवारपासून.