आयसी राहू दे, आधी साडेचार व्होल्ट शोध

भाऊ, तुझ्या गिटार पेडलसाठी ४५५८ आयसीची (आवाज वाढवणाऱ्या चिपची) ऑर्डर निघाली नसेल तर थांबव. आयसी गेलेली दिसत नाही. दोष तू दिलेल्या आकड्यांतच आहे, फक्त ते आकडे तू सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेत.

तू सांगितलंस ते थोडक्यात असं: ट्यूब स्क्रीमर पेडलच्या धर्तीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा, किट जोडला. बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद ठेवून, गिटार स्वच्छ वाजते. स्विच दाबला की एलईडी लागतो, पण आवाज जवळपास जातोच. तार जोरात छेडली तरच तुटक घर्रघर्र येते. सगळे जॉइंट पुन्हा तापवून झाले. मीटरवर आयसीच्या ८ नंबरच्या पायावर (इथं बॅटरीचा पुरवठा येतो) ८.९ व्होल्ट, ४ वर (हा ग्राउंड, बॅटरीची उणे बाजू) शून्य, ३ आणि ५ वर ०.८.

एलईडी लागला यावरून एवढंच कळतं की करंट एलईडीपर्यंत पोचला आणि स्विचची ती एक रांग जुळली. सिग्नलचा त्याच्याशी संबंध नाही. बायपास वाजतो म्हणजे दोन्ही जॅक आणि त्यांच्या वायरी ठीक आहेत. राहिला बोर्ड. आणि तिथं ०.८ हा आकडा लयच बोलका आहे.

गिटारचा सिग्नल वर-खाली दोन्ही बाजूंना हलतो, पण बॅटरी देते फक्त शून्य ते नऊ. म्हणून या सर्किटमध्ये दोन सारखे १० के (दहा हजार ओहमचे) रेझिस्टन्स एकापाठोपाठ लावून मधोमध साडेचार व्होल्टचा बिंदू बनवतात. एक रेझिस्टन्स नऊ व्होल्टकडून येतो, दुसरा ग्राउंडला जातो, आणि मधल्या बिंदूवर आधाराला बहुधा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. आयसीचे ३ आणि ५ हे पाय आणि दोन्ही ट्रान्झिस्टरचे बेस (सिग्नल आत घेणारे पाय) याच बिंदूवर टांगलेले असतात. तो खाली बसला तर सगळंच बसतं. पहिल्या ट्रान्झिस्टरला चालू व्हायलाच ०.६ च्या आसपास लागतात, त्याला ०.८ मध्ये काय उरणार? जोरात छेडल्यावरच घर्र येते ती त्यामुळं.

आता ०.८ च का? खालचा रेझिस्टन्स १० के ऐवजी १ के असेल तर ८.९ चे अकरा भाग होतात आणि मधल्या बिंदूवर एक भाग येतो. ८.९ भागिले ११ म्हणजे ०.८१. योगायोग असू शकतो, पण मी पैज लावायला तयार आहे.

हे किटमध्ये होतं कसं ते सांगतो. निळ्या अंगाच्या एक टक्कावाल्या रेझिस्टन्सवर पाच पट्टे असतात. १० के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. १ के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी. फरक फक्त चौथ्या पट्ट्याचा, लाल की तपकिरी. निळ्या रंगावर आणि संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली हे दोन एकसारखेच दिसतात. रंग वाचूच नको. लावायच्या आधी प्रत्येक रेझिस्टन्स मीटरवर मोज, अर्धा तास जाईल पण डोस्कं शांत राहील.

तपासायचं असं. बॅटरी काढ, दोन मिनिटं थांब म्हणजे कपॅसिटर रिकामा होईल. मग मधला बिंदू ते ग्राउंड ओहम्समध्ये मोज. बोर्डावर मोजताना बाजूच्या वाटांमुळं आकडा थोडा कमी येऊ शकतो, पण १० के चा १ के दिसणार नाही. हजाराच्या आसपास आकडा आला तर चोर सापडला. तो ठीक निघाला तर संशय त्या ४७ मायक्रोफॅरडवर. उलटा बसलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करंट गळू देतो. ओळखायची खूण अशी की गळका असेल तर बॅटरी लावल्यावर व्होल्टेज हळूहळू सरकत राहतं. रेझिस्टन्स चुकला असेल तर आकडा जागेवर स्थिर. अंगावरचा उणे चिन्हाचा पट्टा ग्राउंडकडे हवा.

आणखी एक. पिवळ्या स्वस्त मीटरनं ट्रान्झिस्टरचा बेस मोजशील तर दुरुस्तीनंतरही तिथं साडेचारऐवजी तीनच्या जवळपास दिसेल. घाबरू नको. तो बेस ५१० के मधून पुरवला जातो आणि ते मीटर स्वतः एक मेगओहम, म्हणून मीटरच व्होल्टेज खाली ओढतं. ३ आणि ५ नंबरच्या पायांवरचं रीडिंग धर.

रेझिस्टन्स नुसता बदलून काम संपत नाही. इथं १ के लागला असेल तर एखाद्या १ के च्या जागी १० के बसलेला असण्याची दाट शक्यता आहे. एक जागा इनपुटला असते, बाकीच्या टोनच्या भागात. आयसीच्या १ नंबरकडून ५ नंबरकडे जाणारा १ के नक्की बघ. तो ०.२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसोबत ७२० हर्ट्झच्या आसपासपासून वरचा आवाज कापायला लागतो. तिथं १० के असेल तर गिटार घोंगडीखाली ठेवल्यासारखी वाजेल आणि तू टोनचं बटण फिरवत बसशील. अदलाबदलच झाली असेल तर नागपूरला बर्डीच्या बाजारात जायची गरज नाही, सगळा माल बोर्डावरच आहे. एखादा कमी पडला तर तालुक्याला अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडं १० के मिळतोच.

काढताना एकेक पाय खालून तापवून ओढ; तो परत वापरायचा नसेल तर आधी वरून पाय कात्रीनं तोड. अख्खा रेझिस्टन्स एकदम उपटायला गेलास तर स्वस्त बोर्डाचा तांब्याचा पॅड सुटून येतो. आणि हे सकाळी कर. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं की २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पंधरा वॅटचाच राहतो. सोल्डर वितळतं, पण पॅड तापत नाही आणि ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, होतं. रात्री सगळे जॉइंट पुन्हा तापवून फायदा झाला नाही, त्यात हेही असू शकतं. पंखा मात्र बंद ठेव, मे महिन्यात जीव गेला तरी.

साडेचार आल्यावरही आवाज नसेल तर सिग्नल कुठपर्यंत पोचतो ते ऐकत जा. जुन्या गिटार केबलच्या टोकाला १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर जोड, त्याचा दुसरा पाय म्हणजे तुझी सुई. केबलची जाळी बोर्डाच्या ग्राउंडला, दुसरं टोक अँपला. इनपुटला मोबाइलवरून हळू आवाजात गाणं सोड म्हणजे हात मोकळे राहतील. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस, मग एमिटर (सिग्नल बाहेर देणारा पाय), ३ नंबरचा पाय, १ नंबर, ७ नंबर, व्हॉल्यूम, दुसरा ट्रान्झिस्टर. १ नंबरवर फाटका आणि मोठा आवाज हवा. जिथं गाणं थांबतं त्याच्या मागचा पार्ट बघ. सुई फक्त नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये फिरवायची, अँपच्या पोटात नाही.

हे सगळं बॅटरीवर कर. राउटरचा अडॅप्टर पिनला बसतो म्हणून लावू नको. पेडलला मधली पिन उणे लागते, राउटरच्या अडॅप्टरची बहुतेक अधिक असते आणि बरेच बारा व्होल्टचे. सुरक्षेचा डायोड असेल तर तो आधी जातो, नसेल तर आयसी. घुमण्याचा प्रश्न वेगळा आहे. तीन पिनच्या सॉकेटला मागं अर्थिंगच नसेल तर पेडल कितीही नीट जुळव, अँप पन्नास हर्ट्झची भुणभुण काढणारच. आणि भजनी मंडळाच्या अँपवर वाजवणार असशील तर माइकच्या नाही, ऑक्सच्या सॉकेटला लाव.

रेझिस्टन्स बाहेर काढल्यावर तो सुटा मोजून आकडा टाक, आणि नवा लावल्यावर १, ३, ५, ७ या चार पायांचे व्होल्टेज. चारही साडेचारच्या आसपास असतील तर पुढं ऐकायला सुरुवात कर.