पैसे येईपर्यंत एकच गोळी

"अनुदान लांबलं तर तोवर गोळ्या पुरवून पुरवून दिल्या तर चालतं का?" दिव्यांग मुलांच्या आया हा प्रश्न थेट क्वचितच विचारतात. तो दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीच्या आडून बाहेर येतो.

नागपुरातल्याच या ताई आल्या त्या मुलाच्या चिडण्याची तक्रार घेऊन. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा 23 वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी), बौद्धिक अक्षमता आणि जोडीला फिट. औषधं चालू आहेत का, विचारलं तर म्हणाल्या, "हाव जी, चालूच हायेत." मी पिशवीतल्या पट्ट्या बघायला मागितल्या. साठ गोळ्या मागच्या महिन्याच्या 5 तारखेला आणलेल्या, दिवसाला दोन लिहिलेल्या. म्हणजे कधीच संपायला हव्या होत्या. त्या दिवशी तारीख होती 8, आणि 26 शिल्लक होत्या.

मी मोजतेय हे त्यांनी पाहिलं. "का करू मॅडम? तीन महिन्यांपासून पैसे नाही आले. सकाळची देतो, रातची राहू देतो."

आदल्या आठवड्यात रात्री दोन फिट येऊन गेल्या होत्या. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण ते रागावतील. माझा निम्मा तास इथेच गेला. फिटचं औषध रक्तात एका पातळीवर टिकून राहावं लागतं. ते अचानक निम्मं झालं की फिट परत येऊ शकते, कधी आटोक्याबाहेरही जाते. मी समोरच बसून त्यांना डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर रागावले नाहीत. राहून गेलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम जास्त देऊ नका, एवढं बजावलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन बोलावलं.

मग पैशांचा विषय. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना आता महिन्याला 2500 रुपये मिळतात. ऑक्टोबर 2025 च्या आधी 1500 होते. ('निराधार' या शब्दाचा ताईंना मनस्वी राग. "मी जिती बसली हावो ना, मग तो निराधार कसा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.) पैसे थांबलेच नव्हते. ते थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि मध्यंतरी मुलाचं दुसऱ्या बँकेत खातं उघडताना आधार तिकडे जोडलं गेलं होतं. ताई दर आठवड्याला जुनंच पासबुक भरून आणत होत्या. तीन महिन्यांचे पैसे नव्या खात्यात पडून होते. अनुदान थांबल्यासारखं वाटलं तर आधी आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारा. त्यानंतर हयातीच्या दाखल्याची चौकशी तहसीलमध्ये करा.

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही बसतात. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आणि बाहेरून घेतलेल्या औषधांचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत परत मिळतो. पण त्याला पक्कं बिल लागतं, रुग्णाच्या नावाचं. ताईंकडे दुकानदाराची नुसती चिठ्ठी होती. जनऔषधी केंद्राबद्दल त्यांनी विचारलं. स्वस्त पडतं, जरूर बघा. फक्त फिटच्या गोळीची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

एक चूक माझीही झाली. वारांचे कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा मी मोठ्या कौतुकाने त्यांना दिला. सगळ्या गोळ्या सोलून त्यात भरा म्हटलं. औषधवाल्याने ते ऐकून त्यांना थांबवलं. मुलाची गोळी सोडियम व्हॅल्प्रोएटची, ती हवेतला ओलावा ओढून घेते. घेईपर्यंत पट्टीतच राहायला हवी. आता ताई कात्रीने पट्टीचे तुकडे करून कप्प्यात ठेवतात, आणि डबा चुलीजवळच्या फळीवरून उचलून आतल्या खोलीच्या कपाटात गेला आहे. पैसे जमा झाले की किराण्याच्या आधी औषध येतं. दहा दिवसांच्या जादा गोळ्या वेगळ्या स्टीलच्या डब्यात असतात, त्याला हात लावायचा नाही.

परवा त्या कॅलेंडर घेऊन आल्या. गोळी घेतली की मुलगा स्वतः लाल पेनाने खूण करतो. काही तारखांवर चार-चार खुणा बघून माझ्या पोटात गोळाच आला.

"गोळ्या दोनच दिल्या जी," ताई हसत म्हणाल्या. "त्याले लाल पेन लय आवडते."