मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे सव्वा महिन्यानंतर तपासले तर चालेल का?

नाही, कृपया तितके थांबू नका. आपले बाळ गर्भारपणाच्या ३१ आठवड्यांनी जन्मलेले, १४०० ग्रॅम वजनाचे असून चिपळूणजवळच्या माहेरी सव्वा महिन्यापर्यंत त्याला घराबाहेर काढायचे नाही असे ठरले आहे. परंतु भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भारपणाचे ३४ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली नेत्रतपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. अशा बाळाच्या डोळ्यामागच्या पडद्यातील, म्हणजे रेटिनातील, रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते आणि पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा ओढला जाऊन सुटतो व दृष्टी कायमची जाऊ शकते. बाहेरून मात्र डोळे टपोरे, स्वच्छच दिसतात.

तपासणीपूर्वी बाहुली मोठी करणारे आणि डोळा बधिर करणारे थेंब घालतात, पापण्या बारीक तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात; बाळ रडते, ते पाहवत नाही, पण काही मिनिटांतच ते आपल्या कुशीत असते. शेवटचे दूध तासभर आधी पाजावे.

एका तपासणीवर निर्धास्त राहू नका. रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत फेऱ्या माराव्याच लागतात. लेसर किंवा इंजेक्शन सांगितले, तर ते दोन-तीन दिवसांत व्हावे लागते. त्यासाठी घाट चढून जावे लागणार असेल, तर ठिकाण आजच विचारून ठेवा.