हे रविवारचं काम नाही

प्रश्न : मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. मुलगी 26 वर्षांची, इतिहासात एमए, 62 टक्के. एमपीएससीची पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. माझे आजोबा दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते. त्यांची पत्रं, पावत्या, वह्या घरी ट्रंकेत आहेत, काही मोडी लिपीत. मुलीला त्यांचं संपादन करायचंय. मी म्हणतो, समाजकार्य रविवारी कर. एक प्राध्यापक ट्रंक मागताहेत, ती देऊन टाकतो, म्हणजे ही अभ्यासाला मोकळी होईल. कोणता क्लास लावू?

उत्तर : क्लासचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मला टक्के खटकले नाहीत, ‘ही मोकळी होईल’ हे खटकलं. पोरीच्या मनातला विषय परस्पर घराबाहेर काढायचा आणि वर त्याला तिची सोय म्हणायचं! ट्रंक जाणार हे तिला सांगितलंय का? पत्रात तरी दिसलं नाही.

ट्रंक देऊ नका. प्राध्यापक भले गृहस्थ असतील, पण मूळ कागद घराबाहेर जाणार नाहीत, फोटो घरी येऊन काढायचे आणि छापताना संपादक म्हणून मुलीचंही नाव येईल, एवढं लेखी घ्या. अनुदान मिळालं तर तिचं मानधन किती, तेही. विचारायला लाजू नका.

संपादन म्हणजे जुने कागद टाइप करणं, असा तुमचा समज दिसतो. समजा, पत्रात नुसतं ‘भाऊराव’ असं आहे. ते दादासाहेब गायकवाड की दुसरेच कोणी? सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. बिनतारखेचं पत्र 1930 च्या रामनवमीला रथावरून झालेल्या संघर्षाआधीचं की नंतरचं, यावर त्याचा सगळा अर्थ फिरतो. खाडाखोड जशीच्या तशी नोंदवायची, पावतीवरचे चार आणे कशाचे ते शोधायचं. हे रविवारी होत नाही. ज्या वर्षी आजोबा देवळाच्या दारात उभे होते, त्याच वर्षी इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापायला घेतले. सरकारी खर्चाने 45 खंड निघाले. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड 1979 पासून आले, तेही राज्य सरकारने काढले आणि संपादक वसंत मून महसूल खात्यातले अधिकारी होते. पेशव्यांच्या कागदांना पगारी माणूस आणि तुमच्या आजोबांच्या कागदांना रविवार, हा हिशोब तुम्हीच का मांडता?

गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांकडे लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. दारात अडवलेल्यांची नावं मात्र शोधायची तर अशाच ट्रंकांमध्ये.

पोटाची तुमची भीती खरी आहे. ‘दस्तऐवज संपादक पाहिजे’ अशी जाहिरात मी आजवर पाहिली नाही. पैसा आहे, पण तो संस्थेच्या दारातून येतो, आणि ते दारही सहज उघडत नाही. बार्टी या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांना मिळते. ब्रिटिश लायब्ररीची धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीची योजना 2004 पासून आहे. ती स्कॅनिंगला पैसे देते, मूळ कागद देशाबाहेर नेत नाही, पण अर्जामागे संस्था लागते. अमेरिकेत मेलन फाउंडेशन आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराशी जोडलेल्या आयोगाने कृष्णवर्णीय, मूळनिवासी अशा समाजांच्या इतिहासाच्या डिजिटल आवृत्त्यांसाठी, नुसती आखणी करायलाही अनुदान दिलं. आपल्याकडे त्या आखणीचा खर्च घरच सोसतं. म्हणून तुमच्याकडे मागतो : तिला एक वर्ष द्या, उपकार म्हणून नाही, भांडवल म्हणून.

त्या वर्षात तिने आधी मोडी पक्की करावी. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी टंचाई जाणवली, आठवा. जमिनीच्या जुन्या कागदांचं वाचन करूनही चार पैसे सुटतात. मग ट्रंकेकडे संशोधनाचं साधन म्हणून बघणारा मार्गदर्शक नाशिकमध्येच शोधावा आणि पीएच.डी.ला नाव घालावं. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा द्यावीच, तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती लागली तर महिना 37 हजार. एमपीएससी तिसऱ्यांदा द्यायची की नाही, ते तिला ठरवू द्या. पुढचं पत्रही तिनेच लिहावं.

तोवर कागदांना लावलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, गंज चढतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, धुतलेलं सुती कापड चालेल. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नका. आधीच लावली असेल, तर ओढून काढू नका.