दिवसाला तीनच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसाला दहा सिगरेटींवरून तीनवर आलो, हे तू ज्या अभिमानानं लिहिलंयस तो मला फार ओळखीचा वाटला. मीही एके काळी मोजून मोजून ओढायचो. सकाळी एक, दुपारी एक, रात्री जेवण झाल्यावर एक. चौथीला हात लागला तर स्वतःवर चिडायचो. एक्केचाळिसाव्या वर्षी छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, मला स्ट्रेचरवर घातलं, तेव्हाही डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगितलं : "पण मी दिवसाला तीनच ओढतो हो." ते काही बोलले नाहीत. नुसतं लिहून घेतलं.

तुझा हिशेब असा की, दिवसाला वीस ओढणाऱ्यापुढे आपल्या तीनच, म्हणजे धोकाही जवळपास सात पटींनी कमी. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत असा हिशेब थोडाफार तरी जुळतो. हृदय मात्र त्रैराशिक मानत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापून आलं होतं. न ओढणाऱ्याच्या तुलनेत दिवसाला वीस सिगरेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा दिवसाला एकच ओढणाऱ्या पुरुषालाही होता. स्त्रियांमध्ये तो साधारण एक तृतीयांश निघाला. एकीला एवढा, तर तुझ्या तिनांचं काय ते तूच बघ.

असं का होतं, हे मला आजारपणानंतर समजलं. आधी समजून घ्यायची इच्छाच नव्हती. रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. धुरानं हे काम बिघडतं. वाहिनी आखडते, प्लेटलेट्स चिकट होतात, रक्त गोठायला टपून बसतं. आणि यातलं बरंचसं नुकसान थोड्याशा धुरातच होऊन जातं. पुढे सिगरेटी वाढवल्या तर तेही वाढतं, पण त्या प्रमाणात नाही.

त्यात निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, म्हणजे हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. नेमका त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन अडवून बसतो. प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो त्याला घट्ट धरतो. काम वाढवायचं आणि रसद तोडायची, असा हा प्रकार.

"मला दम लागत नाही, रोज पळतो, ईसीजीपण नॉर्मल आहे," असं तू लिहिलंयस. चांगलंच आहे. पण तरुण वयात ओढणाऱ्याला झटका येतो तेव्हा वाहिनी वर्षानुवर्षं बुजत गेलेली असतेच असं नाही. चरबीचा एखादा लहानसा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. आदल्या दिवशीच्या ईसीजीला याचा पत्ताही नसतो.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात सहज येऊन गेलीय. तीनवर आल्यापासून प्रत्येक सिगरेट तू पार फिल्टरपर्यंत ओढतोस. ही तुझी हावरट वृत्ती नाही. मेंदूला ठरावीक निकोटिन हवं असतं. सिगरेटी कमी केल्या की तो झुरके लांब आणि खोल करून वसुली करतो. "लाइट" सिगरेटींचं ढोंगही इथेच उघडं पडतं. फिल्टरला भोकं पाडून यंत्राच्या मोजणीत आकडा कमी येतो, माणूस मात्र जोरात ओढून कसर भरून काढतो. म्हणून कमी करणं ही सोडण्याआधीची दोन आठवड्यांची तयारी असेल तर ठीक. तिथेच मुक्काम ठोकायचा असेल तर ती पळवाट आहे.

आता याची दुसरी बाजू. ज्या गोष्टी थोड्या धुरानं झटकन बिघडतात, त्यातल्या बऱ्याच धूर थांबला की झटकन सुधारूही लागतात. शेवटच्या सिगरेटीनंतर वीस मिनिटांत नाडी उतरते. दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळपास निघून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टरांवरच एक अभ्यास सुरू झाला आणि तो पन्नास वर्षं चालला. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले : आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांची ती दहाही वर्षं जवळपास वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहाएक. तू अजून तिशीला पोचलेला नाहीस. मला हेवा वाटतो, खरं सांगतो.

सोडायचं कसं, यात मी चार वेळा नापास झालोय, तेव्हा माझ्या चुका आधी ऐक. चारही वेळा मी तावातावानं पाकीट फेकलं, "आजपासून बंद" म्हणालो, आणि तलफ आली तेव्हा हातात काहीच नव्हतं. पाचव्या वेळी तारीख ठरवली, दोन आठवड्यांच्या आतली. तोवर प्रत्येक सिगरेट पेटवण्याआधी कागदावर एक शब्द लिहायचो : कशासाठी? कंटाळा, भांडण, फोन, जेवण. चार दिवसांत कळलं, की खरी तलफ म्हणावी अशी एखादीच होती, बाकीच्या हाताच्या सवयीच्या. सवयीच्या सिगरेटींना जागा बदलली, हाताला दुसरं काम दिलं, उठून चालायला लागलो की भागतं. खऱ्या तलफेचं तसं नाही. पण तीही बहुधा काही मिनिटांतच ओसरते. आपण हरतो ते ती संपणारच नाही असं वाटून.

तुझी पहिली सिगरेट उठल्या उठल्या असते. आकडा तीन असला तरी शरीर अडकलंय याची ती खूण, म्हणून औषधाची मदत घ्यायला लाजू नकोस. निकोटिनचा गम मिळतो, कातडीवर चिकटवायचा पॅच मिळतो. तुला काय आणि किती हे डॉक्टर ठरवतील. दिवसाला वीस ओढणाऱ्याचा डोस तुला नको. गममध्ये निकोटिन आहे म्हणून माणसं बिचकतात, पण त्यात धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. मात्र तो च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. मी तसाच चघळला, उचक्या लागल्या, पोट बिघडलं आणि "हे आपल्याला झेपत नाही" म्हणून टाकून दिला. हळूहळू चावायचा, जिभेला झणझण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, सरबत काही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण चिठ्ठीशिवाय नाही. कधी फिट आली असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही, तेव्हा ते आवर्जून सांग.

एक बारीक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. धुरातले काही घटक यकृताला कॅफीन भराभर मोडायला लावतात. धूर थांबला की तीच कॉफी अंगात जास्त वेळ टिकते. छाती धडधडते, झोप उडते, आणि आपण म्हणतो, बघा, सिगरेट सोडल्यानं तब्येत बिघडली! त्या आठवड्यात कॉफी निम्मी कर.

वजन वाढेल, चार-पाच किलो. वाढू दे, ते नंतर बघता येईल.

एखादी ओढलीस तर? ती ओढलीस एवढंच. "आता मोडलंच आहे तर" असं म्हणून दुसरी पेटवतो, ती घात करते. माझे चारही प्रयत्न दुसरीनं बुडवले. उरलेलं पाकीट पाण्याखाली धर आणि ठरवलेलं तसंच पुढे चालू ठेव.

सगळ्यात वाईट दुसरा-तिसरा दिवस असतो. डोकं दुखतं, चिडचिड होते, समोरच्याचं नुसतं खाणं ऐकूनही राग येतो. तीन-चार आठवड्यांत ते बरंच निवतं. तारीख ठरली की मला कळव, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तिसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर मी फोन करीन. चिडून ठेवलास तर पाच मिनिटांनी परत करीन.

तुझा,
एक जुना तीनवाला